पोर्ट-फिनिश (सिंगल माल्ट व्हिस्की)

बोर्बन किंवा शेरीच्या पिंपांत मुरलेली सिंगल माल्ट व्हिस्की बाटलीत भरण्यापूर्वी पोर्ट वाइनच्या रिकाम्या पिंपात आणखी काही काळ मुरवण्याची पद्धत.

घडण : सिंगल माल्ट फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून आणि एकाच डिस्टिलरीत गाळतात. आयरिश व्हिस्की आयर्लंड बेटावरच गाळावी व किमान ३ वर्षे लाकडी पिंपात मुरवावी लागते. पोर्ट ही पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातील गोड वाइन. द्राक्षरस आंबत असतानाच त्यात द्राक्षांचा मद्यार्क मिसळल्याने आंबणे थांबते आणि साखर शिल्लक राहते. सुमारे ५५० लिटरच्या पिंपांच्या लाकडात ही वाइन भिनते व पुढे व्हिस्कीत उतरते. आयर्लंड बेटावरील अँट्रिम परगण्यातील बुशमिल्स डिस्टिलरीची १६ वर्षांची माल्ट बोर्बन आणि ओलोरोसो शेरीच्या पिंपांनंतर पोर्टच्या पिंपात जाते.

आस्वाद : तोंडाशी निमुळता ग्लास वापरतात. रंगात तांबूस झाक दिसते. वासात मनुका, आलुबुखार व लाल फळे येतात. व्हॅनिला बोर्बनच्या पिंपाची देणगी. काही माल्टमध्ये संत्र्याच्या सालीचा गंध असतो. काटोल-नरखेडच्या संत्रा बागाईतदाराला तो सांगावा लागणार नाही. जिभेवर आधी गोडवा, मग सुकामेवा, शेवटी ओकचा तुरटपणा. थेंबभर पाण्याने मद्यार्काचा झणका उतरतो आणि वास मोकळे होतात. पोर्टच्या पिंपातला मुक्काम लांबला तर बार्लीची मूळ चव दबते. पोर्ट आणि बार्ली दोन्ही ओळखू येणे ही चांगल्या फिनिशची कसोटी.

भारतात : बंगळुरूच्या अमृत डिस्टिलरीजची ‘पोर्टोनोव्हा’ पोर्टच्या पिंपात मुरवून पुन्हा बोर्बनच्या पिंपात घालतात. महाराष्ट्रातील जवळचे उदाहरण म्हणजे पेर्नो रिकार इंडियाने २०२२ मध्ये आणलेली ‘लाँगिट्यूड ७७’. नाशिक जिल्ह्यातील दिंडोरीची ही माल्ट बोर्बनच्या पिंपांत मुरवून वाइनच्या पिंपांत फिनिश केली जाते. पेर्नो रिकार समूहाकडेच आयर्लंडची ‘जेमसन’ व्हिस्कीही आहे. नागपूर जिल्ह्यात बुटीबोरी येथे माल्ट डिस्टिलरी उभारण्यासाठी पेर्नो रिकार इंडियाने २०२४ मध्ये राज्य शासनाशी सामंजस्य करार केला.

हवामान : आयर्लंडच्या थंड हवेत पिंपातील व्हिस्की वर्षाला साधारण २ टक्के उडून जाते, भारतात ही घट कित्येक पटींनी जास्त. उष्णतेत लाकडाचा अंशही लवकर उतरतो. त्यामुळे इथल्या माल्टची प्रत केवळ वयावरून ठरवता येत नाही आणि फिनिशच्या पिंपातून ती वेळेवर काढणे अधिक महत्त्वाचे ठरते.