पेव, वाणी आणि वणीचा बाजार

वणी म्हटली म्हणजे श्रोत्यांच्या डोळ्यांपुढें कोळशाच्या खाणी येतात; परंतु १९०५ पर्यंत यवतमाळ जिल्ह्याचें सरकारदप्तरचें नांवच वणी जिल्हा असें होतें. त्या मुलुखांतील माणूस आपली ज्वारी कोठून मिळवीत आला, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाहीं.

रेल्वेपूर्वीं वऱ्हाडांतील खाऊन-पिऊन सुखी कुणबी धान्य विकत घेत नसे. ज्वारी जमिनींतील पेवांत उतरावयाची, वरून मातीनें लिंपावयाची आणि पुढल्या सुगीपर्यंत निर्धास्त राहावयाचें. सालदाराचा मेहनताना, सुतार-लोहारांचें बलुतें, सर्व बहुधा ज्वारींतच. मीठ तेवढें लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून यावयाचें.

१८५३ सालीं निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांकडे आला. पुढें १८६१ ते १८६५ च्या अमेरिकेंतील यादवीनें लँकेशायरच्या गिरण्या कापसावांचून अडल्या आणि वऱ्हाडी कापसास अपूर्व भाव चढला. १८६७ मध्यें आगगाडी नागपुरास पोंचली. मागाहून कोळशासाठीं निघालेला वर्धा-वरोरा फांटा वणीसमोर नदीपार येऊन ठेपला. लमाणांचा बैल या चढाओढींत टिकला नाहीं. ज्वारीच्या रानांत कापूस शिरला, मजुरी रोकड झाली आणि पेवाची जागा वाण्याच्या दुकानानें घेतली.

हें सर्वस्वीं वाईट झालें असें म्हणणें न्यायाचें नव्हे. दूर प्रांतींचें धान्य येऊं लागलें हें खरेंच. पण १८९९-१९०० च्या दुष्काळांत गाडीनें धान्य येत असतां मजूर उपाशी राहिला, कारण त्याच्या कनवटीस पैसा नव्हता. १८९७ च्या कायद्यानें वऱ्हाडांतील कापसाच्या व धान्याच्या बाजारांस शिस्त लावली होती. परंतु ती घाऊक बाजाराची; पावशेर तेल नेणाऱ्या बाईचा त्यांत विचार नव्हता.

तिचा आधार म्हणजे वाण्याची वही. वाणी महाग देई, व्याजहि लावी. तरी ऐन पावसाळ्यांत चूल पेटे ती त्याच्याच उधारीवर. दुसऱ्या महायुद्धांत रेशन आलें. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें पात्र माणसामागें दरमहा पांच किलो धान्याचा हक्क दिला, आणि २०२३ पासून तें फुकट मिळूं लागलें. तेल, डाळ, साखर यांस मात्र बहुतेकांना दुकानच गांठावें लागतें.

२००२ सालीं मुंबईस पवईला निघालेल्या डी-मार्टच्या धर्तीचीं दुकानें आतां लहान शहरांकडे सरकत आहेत. तेथें भाव कमी, पण उधारी नाहीं. महिन्याचा किराणा एकदम उचलणाऱ्या पगारदारास तीं सोयीचीं. हा रोखीचा गिऱ्हाईक उठून गेला म्हणजे वाण्याच्या वहींत उधारीवालेच उरतात. आणि रोखीच्या नफ्यावर पोसलेली उधारी मग आंखडती घ्यावी लागते. स्वस्ताई एकास मिळते व तिची किंमत दुसरा भरतो, हें मोठ्या दुकानाच्या पाटीवर लिहिलेलें नसतें.

ज्वारीची कथा तर अधिकच चमत्कारिक. रेशनवर मुख्यतः गहूं-तांदूळ मिळतात; शिवारांत कापूस आणि सोयाबीन उभें असतें. ज्यांच्या आजोबांनीं ज्वारीचीं पेवें भरलीं, त्यांच्या घरीं ती आज किलोनें विकत येते, आणि पुष्कळदां गव्हाहून महाग पडते.