वेलांटीची वाट आणि वाचणारा डोळा

मराठीत 'वाचणे' आणि 'डोळ्यांखालून घालणे' या दोन वेगळ्या क्रिया आहेत. परीक्षेच्या आदल्या रात्री विद्यार्थी पुस्तक डोळ्यांखालून घालतो. वाचतो असे तोही म्हणत नाही. भाषेने हा भेद केव्हाच करून ठेवला. शास्त्राला मात्र तो तपासण्याची साधने मिळायला एकोणिसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. नजरेचा माग घेण्याच्या, म्हणजे ज्याला आज सर्रास 'आय ट्रॅकिंग' म्हणतात त्या शास्त्राचा इतिहास साहित्याच्या अभ्यासकाने वाचावा असा आहे, कारण त्याचा आरंभ यंत्राच्या नव्हे, तर वाचनाच्या कुतूहलातून झाला.

पॅरिसचे नेत्रवैद्य एमिल जाव्हाल १८७८-७९ च्या सुमारास वाचनाच्या शरीरव्यापारावर लिहीत होते. तोवरची सर्वसाधारण समजूत अशी, की डोळा ओळीवरून पाण्यासारखा वाहत जातो. जाव्हाल यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या लामार यांनी पापणीवर टेकवलेल्या साधनातून डोळ्याच्या हालचालींचा आवाज ऐकला आणि धक्के मोजले. जर्मनीत हेरिंग यांनीही १८७९ मध्ये असेच काही केले. म्हणजे वाचणारा डोळा आधी कुणी पाहिला नाही, ऐकला. निष्कर्ष असा निघाला, की डोळा वाहत नाही; तो झेप घेतो, थांबतो, पुन्हा झेप घेतो. पुढे काचबिंदूने जाव्हाल यांची दृष्टी गेली आणि १९०३ मध्ये नव्याने अंध झालेल्यांसाठी त्यांनी एक मार्गदर्शक पुस्तक लिहिले. वाचनाच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्या माणसाच्या वाट्याला हे यावे, यावर कादंबरीकाराने लिहिले असते तर आपण त्याला कृत्रिम म्हटले असते.

अमेरिकेत एडमंड ह्यूई यांनी १८९८ च्या सुमारास केलेला प्रयोग अंगावर काटा आणणारा आहे. त्यांनी वाचकाच्या बुबुळावर प्लास्टर ऑफ पॅरिसची एक लहानशी वाटी बसवली. मधोमध भोक, म्हणजे वाचता यावे. डोळा बधिर करण्यासाठी कोकेन. आणि वाटीला जोडलेली ॲल्युमिनियमची हलकी सळई काजळी धरलेल्या फिरत्या नळकांड्यावर रेघ ओढणारी. त्या काजळीतल्या पायऱ्या-पायऱ्यांच्या रेघा म्हणजे वाचनाचे पहिले हस्ताक्षर. ह्यूई यांचे पुस्तक १९०८ मध्ये आले आणि वाचनाच्या मानसशास्त्रात ते आजही उल्लेखिले जाते. त्याआधीच, १९०१ मध्ये, डॉज आणि क्लाइन यांनी बुबुळावरून परावर्तित होणारा प्रकाश छायाचित्राच्या काचेवर टिपून ही वाटी अनावश्यक ठरवली होती. आजची यंत्रेही डोळ्यावरच्या प्रकाशबिंदूचाच आधार घेतात. फक्त तो प्रकाश अवरक्त, म्हणून आपल्याला न दिसणारा असतो.

या सगळ्यातून हाती आलेली माहिती थोडक्यात अशी. इंग्रजी वाचताना डोळा एका ठिकाणी सरासरी पाव सेकंदाच्या आसपास थांबतो. एका झेपेत सात ते नऊ अक्षरे ओलांडतो. आणि दहातल्या एखाद-दुसऱ्या वेळी मागे वळतो. झेप चालू असताना आपल्याला जवळजवळ काहीच दिसत नाही. मॅक्‌कॉन्की आणि रेनर यांनी १९७५ मध्ये संगणकाच्या पडद्यावर नजरेबरोबर सरकणारी मजकुराची खिडकी तयार करून दाखवले, की इंग्रजी वाचकाला उपयोगी पडणारा पट्टा डावीकडे तीन-चार आणि उजवीकडे चौदा-पंधरा अक्षरांचा असतो. हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात. तिथे हा पट्टा उलटा, डावीकडे झुकलेला आढळला. म्हणजे लिपी डोळ्याला वळण लावते.

रशियन शास्त्रज्ञ यार्बुस यांचे पुस्तक १९६७ मध्ये इंग्रजीत आले. त्यांनी एका प्रेक्षकाला रेपिनचे एकच चित्र, हद्दपारीहून अनपेक्षितपणे घरी परतलेल्या माणसाचे, वेगवेगळे प्रश्न विचारून पुन्हा पुन्हा दाखवले. या माणसांची वये सांगा म्हटले की नजर चेहऱ्यांवर. घरची सांपत्तिक स्थिती विचारली की कपड्यांवर आणि सामानावर. चित्र तेच, डोळे तेच, मार्ग निराळा. आपण काय शोधतो आहोत यावर आपण काय पाहतो हे ठरते, ही गोष्ट समीक्षेच्या वर्गात आपण नुसत्या शब्दांत सांगत असतो. इथे तिचा नकाशाच मिळाला. नाट्यशास्त्राने ३६ दृष्टी सांगितल्या त्या नटाच्या. प्रेक्षकाच्या दृष्टीचे असे वर्गीकरण कुणी केले नव्हते.

यंत्र आणि माणूस यांच्या व्यवहारात हे शास्त्र आले ते विमानाच्या खोलीतून. दुसऱ्या महायुद्धानंतर पॉल फिट्स आणि सहकाऱ्यांनी विमान उतरवणाऱ्या वैमानिकांच्या डोळ्यांचे चित्रीकरण केले. त्यांचे तर्कशास्त्र साधे होते: ज्या तबकडीकडे नजर वारंवार जाते ती महत्त्वाची, जिच्यावर ती रेंगाळते ती वाचायला अवघड, आणि ज्या दोन तबकड्यांमध्ये नजर सारखी ये-जा करते त्या शेजारी शेजारी हव्यात. हे तर्कशास्त्र समजायला विमानतळ गाठण्याची गरज नाही. रत्नदुर्गाच्या पायथ्याशी मिरकरवाड्याच्या बंदरात उभ्या असलेल्या कुठल्याही मोठ्या यांत्रिक नौकेची केबिन पाहावी. तांडेलासमोर जीपीएसचा पडदा, शेजारी माशांचा थवा रंगांच्या ठिपक्यांत दाखवणारा फिशफाइंडर, वायरलेस, आणि काचेपलीकडे समुद्र. हैदराबादच्या 'इन्कॉइस' या संस्थेकडून मासळी मिळण्याच्या संभाव्य क्षेत्राची सूचना येते ती दिशा, अंतर आणि खोली यांच्या आकड्यांत. पाण्याचा रंग आणि पक्ष्यांची घिरटी पाहून थवा ओळखणारी नजर एका पिढीत पडद्यावर आली. पण ती पडद्यावर स्थिरावत नाही. ठिपका, पाणी, पुन्हा ठिपका अशी फिरते. पडद्यावरचे चिन्ह खरे की खोटे हे शेवटी पाण्यालाच विचारायचे असते. हेही वाचनच, आणि त्यात मागे वळणे हा दोष नव्हे, कौशल्य आहे.

नजर केवळ टिपायची नाही, तर तिने यंत्राला आज्ञा द्यायची, हा पुढचा टप्पा. १९८१ मध्ये एमआयटीत रिचर्ड बोल्ट यांनी अनेक लहान चित्रचौकटींची भिंत उभारली; ज्या चौकटीकडे पाहावे ती बोलू लागे. १९९० मध्ये रॉबर्ट जेकब यांनी यातली मूळ अडचण नेमकी सांगितली आणि तिला मिडास राजाचे नाव दिले. हात लावीन ते सोने झाले की जेवायची पंचाईत. पाहीन ते बटण दाबले गेले की नुसते पाहण्याची पंचाईत. डोळा हे मुळात घेण्याचे इंद्रिय, त्याला देण्याचे काम सांगितले की असा घोळ होतो. त्यावर तोडगा म्हणून नजर ठरावीक काळ स्थिर राहिली तरच आज्ञा मानायची असे ठरले. ज्यांचे हात आणि वाचा दोन्ही गेली आहेत अशा माणसांना याच तोडग्यामुळे एकेक अक्षर पाहून वाक्य लिहिता येते, आणि या शास्त्राचा हा उपयोग निर्विवाद आहे. जाहिरातदारांनी आणि संकेतस्थळांच्या रचनाकारांनी केलेल्या उपयोगाबद्दल तसे म्हणता येणार नाही. असो.

आपल्या लिपीचा प्रश्न यात कुठे येतो? 'मार्मिक' हा शब्द घ्या. उच्चारात क्रम मा, र्, म्, इ, क असा. कागदावर आधी मा, मग पहिली वेलांटी, मग म, त्याच्या डोक्यावर रफार, शेवटी क. इकार उच्चारात नंतर आणि लेखनात आधी. रफार उच्चारात आधी आणि लेखनात नंतर. 'स्थिती'मध्ये तर वेलांटी अख्ख्या जोडाक्षराला ओलांडून पुढे येऊन उभी राहते. डावीकडून उजवीकडे झेपावणाऱ्या डोळ्याने हे कसे सोडवायचे?

हा प्रश्न डोळ्याच्या अंगाने विचारला जाण्यापूर्वी यंत्राच्या अंगाने विचारला गेला, आणि त्यात रत्नागिरीचा वाटा मोठा आहे. नागरी छपाईला लागणारे शेकडो खिळे ही जुळाऱ्यांची जुनी डोकेदुखी. १८५६ मध्ये रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी 'केसरी'साठी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा उद्योग केला. १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनी लिपिशुद्धीची चळवळ चालवली. अि, अी, अु अशी 'अ'ची बाराखडी आणि जोडाक्षरे आडवी, एका ओळीत लिहिण्याचा आग्रह हे तिचे विशेष. दोघांचाही रोख टंकयंत्रावर आणि छापखान्यावर होता. यंत्राला जमेल अशी लिपी करा, डोळ्याला सवय होईल, हे त्यातले गृहीत. १९५३ मध्ये लखनौच्या परिषदेने याच दिशेने पुढे जाऊन पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे, आखूड दंडाची, लिहावी असे ठरवले. ते लोकांना रुचले नाही आणि १९५७ मध्ये मागे घ्यावे लागले.

हे पुराणमतवादी हट्टाचे उदाहरण म्हणून सांगितले जाते. मला तसे वाटत नाही. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये हिंदी वाचकांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले, त्यात लेखनाचा आणि उच्चाराचा क्रम जुळत नाही तिथे वाचकाला काही किंमत मोजावी लागते असे दिसले. म्हणजे लखनौकरांची तक्रार अगदीच निराधार नव्हती. पण सराईत वाचक ही किंमत इतकी सहज चुकती करतो की ती त्याला जाणवतही नाही. उजवीकडे सरकवलेली आखूड वेलांटी दीर्घ वेलांटीशी गोंधळ घालणार, ही अडचण मात्र पहिल्याच ओळीत जाणवते. ती परिषद वेलांटीचे स्थान ठरवताना वाचकाचा डोळा विसरली. नंतर संगणक आला आणि वादच मिटला: टंकताना आपण उच्चाराच्या क्रमाने आधी 'म' आणि मग इकार देतो, पडद्यावर वेलांटी आपोआप मागे जाऊन बसते. लिपी न बदलता यंत्रच शहाणे झाले. हिंदी वाचनातील डोळ्यांच्या हालचालींचा संग्रह अलाहाबाद आणि पॉट्सडॅम इथल्या अभ्यासकांनी केला आणि समर हुसैन, श्रवण वसिष्ठ, नारायणन श्रीनिवासन यांनी तो २०१५ मध्ये मांडला. मराठीसाठी असे काम व्हायचे तर 'मार्मिक'सारख्या शब्दांपासून सुरुवात करता येईल.

महाराष्ट्रात या शास्त्राचे मोठे केंद्र पवईला, मुंबईच्या आयआयटीत आहे. पुष्पक भट्टाचार्य यांच्या भाषातंत्रज्ञान गटाने २०१३ पासून या विषयावर शोधनिबंध लिहिले. संदर्भावरून शब्दाचा अर्थ ठरवणाऱ्या कोशकारांची नजर त्यांनी तपासली. 'पान' म्हणजे झाडाचे, पुस्तकाचे, विड्याचे की पंगतीतले, हे ठरवताना डोळा आजूबाजूचा कोणता शब्द धुंडाळतो, अशा स्वरूपाचा तो शोध. वाक्य भाषांतराला किती अवघड हे त्यांनी अनुवादकांच्या नजरेवरून अजमावले. अभिजित मिश्रा यांच्यासह लिहिलेले त्यांचे पुस्तक २०१८ मध्ये निघाले. त्याच गटातल्या संदीप मथायस आणि सहकाऱ्यांचा २०२० चा निबंध आपल्या थेट पोटापाण्याचा आहे: परीक्षक निबंध वाचतो तेव्हा त्याची नजर कशी फिरते हे थोड्या नमुन्यांवरून यंत्राने शिकायचे आणि मग नव्या निबंधाला, कुणाचीही नजर न टिपता, गुण द्यायचे. शीर्षकात बायबलमधल्या एका प्रसिद्ध वचनावर मिस्कील कोटी आहे. पडद्यावर उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांपैकी कित्येकांना ही कल्पना मोहवील, आणि तीच तिची भीती आहे. परीक्षकाची नजर जिथे रेंगाळते ते वाक्य चांगले म्हणून की शुद्धलेखन फसले म्हणून, हे कोण सांगणार? आणि दिवसातली चाळिसावी उत्तरपत्रिका आपण वाचतो, की डोळ्यांखालून घालतो?

याच गटाने २०१६ मध्ये उपरोधावर काम केले. उपरोध कळलेला वाचक आणि न कळलेला वाचक यांच्या नजरेत फरक पडतो. वाक्यातल्या विसंगत जागी कळलेल्याचा डोळा अडखळतो, मागे जातो. या फरकावरून वाचकाला उपरोध उमगला की नाही याचा अंदाज यंत्र करू शकते, असे त्यांनी दाखवले. मजकूर इंग्रजी, छोटा, बहुधा एका दमात संपणारा. काम नेटके आहे आणि त्याच्या मर्यादेत पटते. पण उपरोधाचे शास्त्र म्हटले की रत्नागिरीच्या माणसाला 'व्यक्ती आणि वल्ली'तला (१९६२) अंतू बर्वा आठवणारच. तिथे विसंगती एका शब्दात सापडत नाही. तिरकस बोलणे हाच त्या माणसाचा सरळ स्वर आहे, त्यामुळे डोळ्याने अडखळावे असे ठिकाणच नाही. वर्गात हा लेख वाचताना पहिल्या वर्षाची मुले हसतात. तीच मुले एम. ए.ला येईपर्यंत त्याच ओळींवर गप्प होतात. ओळी तितक्याच, आणि नजरेच्या झेपाही कदाचित तितक्याच लांबीच्या असतील.