खांद्याला टेकवलेले रिव्हॉल्वर

१८३० च्या ऑगस्टमध्ये बोस्टन बंदरातून ‘कॉर्व्हो’ नावाचे जहाज कलकत्त्याला निघाले, तेव्हा त्यावर सोळा वर्षांचा सॅम्युअल कोल्ट खलाशी म्हणून होता. या सफरीत त्याने फिरत्या नळकांड्याच्या पिस्तुलाचा लाकडी नमुना कोरला, ही गोष्ट रिव्हॉल्वरच्या प्रत्येक इतिहासात येते. त्या इतिहासांत सहसा न येणारी गोष्ट अशी की, १८३६ च्या अमेरिकी पेटंटनंतर न्यू जर्सीतील पॅटर्सन येथे कोल्टचा कारखाना सुरू झाला तेव्हा तिथून आधी बाहेर पडली ती लांब नळीची बंदूक. चापाच्या पुढे असलेली कडी ओढली की नळकांडे एक घर फिरायचे, घोडा चढायचा आणि आठ बार पाठोपाठ काढता यायचे. म्हणजे फिरत्या नळकांड्याची रायफल हे पिस्तुलाच्या यशानंतर सुचलेले शेपूट नव्हते; संशोधकाच्या मनात दोन्ही बरोबरीने होती. तरीही पिस्तूल जगभर पसरले आणि रायफल शिकाऱ्याच्या हाती कधी टिकली नाही. हे का झाले याचे उत्तर बहुधा ‘त्या काळची कारागिरी कच्ची होती’ असे दिले जाते. मला ते पटत नाही. या बंदुकीचा दोष कारागिरीत नव्हता, तिच्या मांडणीतच होता. आणि तो शिकाऱ्याला जितका नडला तितका सैनिकाला नडला नाही.

कोल्टने निवडलेली कल्पना त्याच्या आधीही जुनीच होती. तोड्याच्या बंदुकांच्या काळातच फिरत्या नळकांड्याच्या बंदुका हिंदुस्थानात बनल्या होत्या आणि त्यांचे नमुने आज संग्रहालयांत पाहायला मिळतात. प्रत्येक घराला स्वतंत्र कान आणि त्यावर स्वतंत्र रंजक, म्हणजे बार पेटवणारी दारू, आणि नळकांडे हाताने फिरवायचे. जळत्या बत्तीच्या इतक्या जवळ चार-पाच घरांची उघडी रंजक ठेवणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. पुढे एलिशा कॉलियरने १८१८ मध्ये इंग्लंडमध्ये चकमकीच्या रिव्हॉल्वरचे पेटंट घेतले. कोल्टचे नशीब असे की त्याच्या हाती घोड्याच्या ठोक्याने पेटणारी तांब्याची टोपी आली. प्रत्येक घरामागच्या बोंडीवर बसणाऱ्या या टोपीमुळे रंजकेचा प्रश्न सुटला आणि घोडा चढवताना नळकांडे आपोआप फिरवून पक्के अडकवण्याची त्याची युक्ती खऱ्या अर्थाने उपयोगी ठरली.

या बंदुकीने शिकाऱ्याला दाखवलेले आमिष खोटे नव्हते. ठासणीची रायफल एकदा उडाली की दारू ओता, गोळी बसवा, गजाने ठासा, टोपी लावा, असा सारा व्याप. सराईत माणूसही मिनिटाला दोन-तीन बारांपलीकडे जात नसे, आणि तेही स्थिर उभे राहून. जखमी अस्वल किंवा वाघ समोर असताना ही अर्ध्या मिनिटाची रिकामी बंदूक म्हणजे जिवाशी गाठ. पाच-सहा बार भरून तयार असलेली रायफल अशा वेळी देवासारखी वाटावी यात नवल नाही. मग तिच्याकडे पाठ का फिरवली गेली?

रिव्हॉल्वरमध्ये गोळी जिथून सुटते ते घर आणि ती जिथून बाहेर पडते ती नळी हे दोन वेगळे तुकडे असतात. नळकांडे फिरायचे तर त्या दोहोंमध्ये थोडी फट ठेवावीच लागते. प्रत्येक बाराला त्या फटीतून तापलेला वायू, जळती दारू आणि कधी शिशाचे कण बाजूला फेकले जातात. पिस्तूल धरताना दोन्ही हात नळकांड्याच्या मागे असतात आणि डोळे हातभर दूर. रायफल मात्र खांद्याला टेकवायची म्हणजे गाल दस्त्यावर येतो, फट डोळ्यांच्या जवळ येते, आणि नळीला आधार देणारा डावा हात थेट फटीच्या पुढे जातो. याहून वाईट म्हणजे, गोळी सैल बसली किंवा टोपी नीट बसली नाही तर एका घराच्या ज्वाळेने शेजारचे घरही पेटायचे. पिस्तुलात अशी भरकटलेली गोळी बहुधा पुढे निघून जायची. रायफलमध्ये तिच्या वाटेत माणसाचा मनगटापासूनचा हात असायचा. यावर उपाय म्हणून घरांच्या तोंडांवर चरबी लिंपायची, किंवा डावा हात मागे घेऊन चापाच्या कड्याजवळच धरायचा. पण लांब, तोंडाकडे जड अशी रायफल दोन्ही हात मागे ठेवून धरली की नेम डळमळतो. ज्या कामासाठी रायफल घेतली ते कामच त्यामुळे अवघड होऊन बसते.

यावर कोणी म्हणेल, हीच रायफल लढाईत गाजली, मग ती इतकी वाईट कशी? आक्षेप योग्य आहे आणि पुरावाही भक्कम आहे. एलिशा रूटच्या आराखड्यावरची १८५५ ची कोल्ट रायफल अमेरिकी यादवी युद्धात वापरली गेली. सप्टेंबर १८६३ मध्ये चिकामॉगाच्या लढाईत ओहायोच्या २१ व्या पायदळ पलटणीने टेकडीवर जो तग धरला, त्यात या पाचबारी रायफलींचा वाटा मोठा होता. पाचशेच्या आसपास माणसांनी ४३ हजारांहून अधिक बार काढले आणि दारूगोळा संपल्यावरच त्यांचा मारा थांबला. पण याच युद्धात, याच बंदुकीची दुसरी कहाणीही आहे. हिरम बर्डनच्या निवडक नेमबाजांच्या पलटणींना १८६२ च्या सुरुवातीला कोल्ट रायफली दिल्या गेल्या. त्या त्यांनी नाराजीने घेतल्या आणि काही महिन्यांतच, मागून भरायच्या एकबारी शार्प्स रायफली मिळताच, सोडून दिल्या. मला या दोन घटना एकमेकींविरुद्ध वाटत नाहीत. चालून येणाऱ्या गर्दीवर टेकडीवरून मारा करणाऱ्या सैनिकाला बारांची संख्या हवी होती. एखादा बार फुकट गेला तरी दुसरा हाताशी होता. बर्डनचा नेमबाज लपून, दूरवरच्या एका माणसावर नेम धरत असे. त्याचे काम शिकाऱ्याच्या कामासारखे होते आणि त्याचा कौल शिकाऱ्याच्याच बाजूने पडला. नळकांड्याचे प्रत्येक घर नळीशी केसभर वेगळे जुळत असेल, तर पाचबारी रायफल म्हणजे एका दस्त्यावर बसवलेल्या पाच किंचित वेगळ्या रायफली होतात. गर्दीवर हा फरक दिसत नाही. हरणाच्या खांद्यावर दिसतो.

मोठ्या सावजासाठी तर प्रश्न याहून मूलभूत होता, तो दारूच्या वजनाचा. नळकांड्यात पाच-सहा घरे बसवायची म्हणजे प्रत्येक घर आखूड आणि अरुंद ठेवावे लागते. मोठे करावे तर नळकांडे इतके जाड आणि जड होते की बंदूक उचलवत नाही. कोल्टच्या पिस्तुलांतले सर्वांत दांडगे वॉकर मॉडेल १८४७ चे, त्याच्या एका घरात जास्तीत जास्त ६० ग्रेन, म्हणजे सुमारे चार ग्रॅम दारू मावे. त्याच सुमाराला सिलोनमध्ये हत्ती मारणाऱ्या सॅम्युअल बेकरची ठासणीची रायफल २१ पौंडांची होती आणि त्याने तिच्यात १६ ड्राम, म्हणजे जवळजवळ २८ ग्रॅम दारू घातल्याचे स्वतः लिहून ठेवले आहे. बेकर हा टोकाचा नमुना आहे, हे मान्य. सावधपणे तुलना केली तरी अंतर मोठेच राहते. हत्ती, गवा, अस्वल यांच्या अंगातून हाडापर्यंत जाणारा एक बार आणि कातड्यातच अडकणारे पाच बार यांची बेरीज कधीही सारखी होत नाही. जखमी होऊन झाडीत गेलेले जनावर शिकाऱ्यालाही धोक्याचे आणि जनावराच्याही हालाचे. त्याला एका बारात पाडणे हे कौशल्याइतकेच कर्तव्यही होते.

इंग्रज शिकाऱ्यांनी हिंदुस्थानात जे निवडले ते या हिशेबाला धरूनच आहे. त्यांची पसंती दुनळी रायफलीला होती. पर्डीसारख्या लंडनच्या कारागिरांनी १८५६ पासून ‘एक्स्प्रेस ट्रेन’ नावाने तेज वेगाच्या दुनळ्या बनवायला सुरुवात केली. दुनळीत बार दोनच, पण दोन स्वतंत्र नळ्या, दोन स्वतंत्र घोडे. एक बिघडला तरी दुसरा तयार, आणि दुसरा बार काढायला फक्त बोट हलवावे लागते. माझ्या मते याहून बोलका पुरावा हौदा-पिस्तुलाचा आहे. हत्तीवरच्या हौद्याकडे झेपावणाऱ्या वाघासाठी जे आखूड हत्यार जवळ ठेवत, ते कोल्टचे रिव्हॉल्वर बाजारात सहज मिळू लागल्यानंतरही बहुधा मोठ्या तोंडाचे, दोन किंवा चार नळ्यांचे पिस्तूलच असे. हात अडचणीत येण्याचा प्रश्न पिस्तुलात नव्हता. तरीही प्राणावर बेतल्यावर शिकाऱ्याने जास्त बारांपेक्षा जड बार निवडला.

अमेरिकेतही हेच दिसते. १८७० च्या दशकात मैदानी प्रदेशातले बायसन ज्यांनी व्यापारासाठी मारले, त्यांच्याएवढे बार त्या काळी दुसऱ्या कोणी शिकाऱ्याने काढले नसतील. त्यांच्यापाशी हेन्री आणि विंचेस्टरच्या अनेकबारी रायफली विकत घेण्याइतका पैसा होता आणि त्या दुकानात मिळतही होत्या. पण या धंदेवाईकांनी शार्प्स आणि रेमिंग्टनच्या एकबारी रायफली घेतल्या. १८७२ च्या शार्प्सच्या मोठ्या काडतुसात ९० ग्रेन दारू असे. बायसनांच्या त्या संहाराचे समर्थन कुणी करू नये, मी करत नाही. पण कोणते हत्यार कोणत्या कामाचे, याचा हिशेब रोज मांडणाऱ्या माणसांची साक्ष टाकून देता येत नाही.

‘टोपी आणि सुटी दारू हेच खरे दुखणे होते, धातूचे काडतूस आल्यावर रायफल सुधारली असती’ असा दुसरा आक्षेप घेतला जातो. काडतुसाने शेजारचे घर पेटण्याचा धोका संपवला, हे खरे. पण काडतुसाने त्याच वेळी दुसरीही गोष्ट केली. पितळी कवच बाराच्या दाबाने फुगून मागची बाजू बंद करते, म्हणून मागून भरायची रायफल प्रथमच वायू न गळता चालू लागली. १८६० च्या हेन्री आणि स्पेन्सर रायफली, नंतरची विंचेस्टर, यांना अनेक बार मिळाले आणि त्यांचे काडतूस नळीच्या मागच्या टोकातच बसत असल्यामुळे फट उरलीच नाही. डावा हात निर्धास्त पुढे जाऊ शकला. त्यांची सुरुवातीची काडतुसे दुबळी होती. पण हा दोष काडतूस मोठे करून सुटण्यासारखा होता आणि १८८६ च्या विंचेस्टरपर्यंत तो सुटलाही. फिरत्या नळकांड्याची फट मात्र काडतुसाने बुजली नाही. रेमिंग्टनने १८६६ ते १८७९ दरम्यान अशा रायफली काढल्या, त्यांची संख्या हजारावर गेली नाही. स्मिथ अँड वेसनने १८७९ पासून .३२० काडतुसाची सुबक फिरती रायफल आणली. ती एकूण ९७७ बनली. बेल्जियममध्ये पिपरने आणि नंतर नागांतने, बाराच्या क्षणी नळकांडे पुढे सरकून नळीला भिडेल अशी योजना करून फट खरोखर बुजवली. त्यासाठी गोळी पूर्ण पोटात घेणारे लांब, खास काडतूस लागे आणि घरात मावेल तेवढेच ते असू शके. म्हणजे गळती थांबली, पण ताकदीची मर्यादा जिथल्या तिथे राहिली.

तिसरा आक्षेप आजचा आहे. १९५५ मध्ये .४४ मॅग्नम आल्यापासून अमेरिकेत अनेक जण रिव्हॉल्वरने हरणाची शिकार करतात. मग तेच काडतूस लांब नळीत घातले तर का नको? फटीतून जाणाऱ्या वायूने वेग घटतो तो थोडाच, आणि लांब नळीने मिळणारा वेग तो तोटा भरून काढतो, हेही मान्य करायला हवे. गळतीमुळे गोळी लुळी पडते, ही समजूत अतिशयोक्त आहे. म्हणूनच ‘सर्किट जज’ नावाच्या ब्राझीलच्या रॉसी कंपनीच्या फिरत्या कार्बाइनला हातापुढे आडोसे लावून निभावता आले. जवळच्या पल्ल्यावर, मध्यम सावजावर ती काम देते, यात मला शंका नाही. पण तेच काडतूस लिव्हरच्या रायफलीत घातले तर आडोसे लागत नाहीत, बार जास्त मावतात आणि कानाशी फटीचा फटकाराही येत नाही. कंबरेला बसण्याएवढे लहान राहून अनेक बार देणे, हे हातात धरायच्या रिव्हॉल्वरचे काम दुसरे यंत्र इतक्या सोपेपणाने करत नव्हते. खांद्याच्या बंदुकीत लहान राहण्याची गरजच नसते, म्हणून तिथे फटीची अडचण तेवढी उरते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ही चर्चा पुस्तकापुरतीच आहे आणि ते योग्यच आहे.

कोल्टच्या कंपनीचा निर्णयही याला पुष्टी देतो. फेब्रुवारी १८६४ मध्ये हार्टफर्डच्या कारखान्याला मोठी आग लागली आणि त्या सुमारालाच १८५५ ची फिरती रायफल बनणे थांबले. पुढे पिस्तुले पुन्हा जोमाने बनू लागली, पण कंपनीने खांद्याची अनेकबारी रायफल पुन्हा हाती घेतली ती १८८३ मध्ये, बर्जेसच्या आराखड्याची लिव्हरची रायफल म्हणून. पाठोपाठ १८८४ मध्ये सरकत्या मुठीची ‘लाइटनिंग’ आली. सॅम्युअल कोल्ट १८६२ मध्येच वारला होता. त्याचा मुलगा कॉल्डवेल दुनळीचा शौकीन निघाला, आणि १८७० च्या दशकाच्या शेवटी, फिरते नळकांडे ज्या नावाने जगाला ठाऊक झाले त्याच कोल्ट नावाने, अगदी मोजक्या दुनळी रायफली बनल्या.