डेफिसिट राउंड रॉबिन

डेफिसिट राउंड रॉबिन (संक्षेप: डीआरआर) ही संगणकजाळ्यांतील स्विच व राउटर यांमध्ये एकाच वाहिनीवरून जाणाऱ्या अनेक प्रवाहांना वाहिनीचा न्याय्य वाटा देणारी पद्धत आहे. एम. श्रीधर आणि मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे पदवीधर जॉर्ज वर्गीस यांनी ती इ.स. १९९५ मध्ये मांडली.

पार्श्वभूमी

सर्व पॅकेटे एकाच रांगेतून आल्या क्रमाने पाठविल्यास, जो प्रवाह अधिक पॅकेटे लोटतो त्यालाच अधिक वाटा मिळतो. संयमाने पाठविणाऱ्याची कुचंबणा होते. यावर उपाय म्हणून जॉन नेगल यांनी १९८५ साली प्रत्येक प्रेषकासाठी स्वतंत्र रांग ठेवून पाळीपाळीने एकेक पॅकेट सोडण्याचे सुचविले. मात्र त्यात मोठी पॅकेटे पाठविणाऱ्याचा लाभ कायम राहतो. डेमर्स, केशव व शेंकर यांच्या १९८९ मधील पद्धतीने ही उणीव दूर केली; परंतु तीत पॅकेटांचा क्रम सतत लावावा लागतो आणि रांगा वाढल्या की हे काम वाढते.

कार्यपद्धती

प्रत्येक रांगेच्या खात्यावर दर फेरीस ठरावीक बाइट जमा होतात. पुढील पॅकेट शिलकीत बसत असेल तर ते पाठवून तेवढे बाइट वजा केले जातात. बसत नसेल तर शिल्लक पुढील फेरीत ओढली जाते. रांग रिकामी होताच शिल्लक शून्य होते, त्यामुळे निष्क्रिय राहून हक्क साठविता येत नाही.

उदाहरणार्थ, दर फेरीस ५०० बाइट मिळत असता १५०० बाइटांची पॅकेटे असलेली रांग तिसऱ्या फेरीत एक पॅकेट पाठविते, तर ५०० बाइटांची पॅकेटे असलेली रांग दर फेरीस एक. तीन फेऱ्यांनंतर दोघींचे १५०० बाइटच गेलेले असतात. जमा होणारी रक्कम सर्वांत मोठ्या पॅकेटाएवढी ठेवल्यास प्रत्येक भेटीत किमान एक पॅकेट निघते. मग रांगा कितीही असल्या तरी प्रत्येक पॅकेटामागील काम वाढत नाही.

मर्यादा

रांगा पुष्कळ असल्यास लहान पॅकेटालाही पूर्ण फेरी थांबावे लागते. दूरध्वनी-संभाषणासारख्या वापरात हा विलंब जाणवतो.

अनेक प्रोसेसर असलेल्या स्विचमध्ये आणखी एक अडचण येते. एकाच प्रवाहाची पॅकेटे निरनिराळ्या प्रोसेसरांनी हाताळल्यास त्यांचा क्रम बिघडू शकतो आणि टीसीपी त्याचा अर्थ पॅकेट हरवले असा लावू शकते. शिवाय सामाईक खात्यासाठी प्रोसेसरांना एकमेकांसाठी खोळंबावे लागते. म्हणून पत्ते व पोर्ट यांवरून प्रत्येक प्रवाह एकाच प्रोसेसरकडे सोपविण्याची रीत आहे. तथापि, मग न्याय त्या प्रोसेसरपुरताच उरतो: ज्याच्याकडे प्रवाह कमी, तेथील प्रत्येकाचा वाटा मोठा.

वापर

लिनक्समध्ये ही पद्धत उपलब्ध आहे. तिच्या सुधारित रूपावर आधारलेली एफक्यू-कोडेल ही पद्धत २०१८ मध्ये आरएफसी ८२९० या दस्तऐवजाद्वारे प्रसिद्ध झाली. तीत नव्या प्रवाहांना आधी संधी मिळत असल्याने वर उल्लेखिलेला विलंब बराच कमी होतो.