नायिकाप्रधान पटकथा (मराठी चित्रपट)

कथानक पुढे नेणारे निर्णय जिच्या हाती आहेत आणि त्या निर्णयांची झळही जिला पडद्यावरच सोसावी लागते, अशा स्त्रीला केंद्रस्थानी ठेवून लिहिलेली पटकथा. नायिका किती वेळ दिसते, तिच्या वाट्याला किती गाणी येतात किंवा श्रेयनामावलीत तिचे नाव कितवे आहे, यावरून हे ठरत नाही. ‘खंबीर नायिका’ हा शब्द चित्रपटविषयक लेखनात सर्रास येतो. पण खंबीरपणा हा केवळ स्वभावगुण मानला, की लेखक तिला चार तडफदार संवाद आणि खलनायकाच्या एक थोबाडीत देऊन मोकळा होतो. पटकथेला विचारायचे प्रश्न त्याहून साधे आहेत : हिला काय हवे आहे? ते मिळवायला ती काय करते? आणि तिने ते केले नसते, तर गोष्ट अडली असती का?

दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये (१९१३) तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली, त्यानंतरच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई (पुढे गोखले) पडद्यावर आल्या. बाई पडद्यावर आली, तरी गोष्ट तिची व्हायला बोलपट यावा लागला. प्रभात फिल्म कंपनीच्या ‘अमरज्योती’ या हिंदी चित्रपटात (१९३६) दुर्गा खोटे यांनी रंगवलेली सौदामिनी समुद्री चाच्यांची म्होरकी आहे. परंतु तिचा काळ आणि तिचे राज्य दोन्ही काल्पनिक. घरातल्या बाईची गोष्ट पुढच्याच वर्षी आली.

व्ही. शांताराम दिग्दर्शित ‘कुंकू’ (१९३७, हिंदीत ‘दुनिया न माने’) हा नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर आधारलेला. पोरक्या नीराचे (शांता आपटे) लग्न मामा फसवून म्हाताऱ्या बिजवराशी, काकासाहेब वकिलांशी (केशवराव दाते) लावून देतो. नीरा पळून जात नाही, जीव देत नाही आणि नांदायलाही नकार देते. पटकथेचे खरे कसब या नकारात आहे. नकार हा एका क्षणाचा असतो, त्यावर अख्खा चित्रपट उभा राहणे अवघड. म्हणून लेखक-दिग्दर्शकांनी तो रोजच्या व्यवहारात मुरवला. दार लावण्यात, घरातल्या आत्यासमोर बोलण्यात, काकासाहेबांच्या बिघडलेल्या मुलाला छडीने सरळ करण्यात तोच नकार नव्या रूपात येतो. दुसरी जमेची बाजू म्हणजे काकासाहेबांना राक्षस केलेले नाही. घड्याळाच्या टोल्यांतून आणि आरशातल्या स्वतःच्या रूपातून या माणसाला आपले वय हळूहळू कळत जाते. समोरचा माणूस विचार करणारा असल्यामुळे नीराच्या ठामपणाला वजन येते. सुधारणेचे काम करणाऱ्या काकासाहेबांच्या मुलीची भूमिका शकुंतला परांजपे यांनी केली. प्रत्यक्षातही त्या संततिनियमनाच्या प्रचाराचे काम करत होत्या.

शेवट मात्र कच्चा आहे. काकासाहेब आत्महत्या करतात आणि तिने दुसरे लग्न करावे असे पत्र मागे ठेवतात. म्हणजे दीड-दोन तास जी स्वतःच्या बळावर लढली, तिची सुटका अखेर नवऱ्याच्या मरणाने आणि परवानगीने झाली. १९३७ साली याहून पुढे जाणे कठीण होते हे मान्य केले, तरी पटकथेतील ही त्रुटी त्रुटीच राहते.

नंतरची कित्येक वर्षे मराठी पडद्याने बाईला मखरात तरी बसवले किंवा बोर्डावर तरी उभे केले. आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला (१९५३) राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. ती व्यक्तिरेखा कणखर आहे, पण गोष्ट मुलाची आहे. आई त्याच्या आठवणीतून दिसते. अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’ने (१९५९) तमाशापटांना भरभराटीचे दिवस दाखवले. गंमत अशी, की त्यात काम केलेल्या हंसा वाडकरांनी हेच नाव आपल्या आत्मकथनाला दिले आणि त्यात उमटलेली बाई त्यांच्या बहुतेक भूमिकांपेक्षा कितीतरी गुंतागुंतीची निघाली. घर सोडणारी, परत येणारी, चुकणारी आणि चुका न लपवणारी. त्या आत्मकथनावरून श्याम बेनेगल यांनी ‘भूमिका’ (१९७७) हिंदीत केला. मराठीत तो झाला नाही, हे आपल्या पटकथालेखनाविषयी पुरेसे बोलके आहे. सोसणाऱ्या नायिकेची लोकप्रियता पुढेही ओसरली नाही : ‘बाई चाली सासरिये’ या राजस्थानी चित्रपटावरून केलेल्या ‘माहेरची साडी’ने (१९९१) गावोगावच्या बायकांना पदराने डोळे पुसायला लावले. तिथे नायिकेवर गोष्टी कोसळतात. ती त्या घडवत नाही.

त्याआधीच डॉ. जब्बार पटेल यांच्या ‘जैत रे जैत’मध्ये (१९७७, मूळ कादंबरी गो. नी. दांडेकर यांची) स्मिता पाटील यांची चिंधी नको असलेला नवरा टाकून हव्या असलेल्या नाग्याशी आपणहून संसार मांडते. पण डोंगरावरच्या राणीमाशीशी वैर नाग्याचे आहे आणि त्याची किंमत चिंधीला जिवाने मोजावी लागते.

‘उंबरठा’ (१९८२, हिंदीत ‘सुबह’) हा या प्रकारातील सर्वांत विचारपूर्वक लिहिलेला मराठी चित्रपट. शांता निसळ यांची ‘बेघर’ ही कादंबरी, विजय तेंडुलकर यांची पटकथा, दिग्दर्शन पुन्हा जब्बार पटेल यांचे. सुलभा महाजन (स्मिता पाटील) महिला सुधारगृहाच्या अधीक्षकपदाची नोकरी पत्करते आणि लहान मुलीला घरी ठेवून परगावी जाते. तेंडुलकरांनी तिच्या जाण्याच्या सगळ्या सोप्या सबबी आधीच काढून घेतल्या आहेत. नवरा (गिरीश कर्नाड) मारझोड करणारा नाही, सुशिक्षित वकील आहे, सासू स्वतः समाजकार्यात, घर सुखवस्तू, मुलीला जीव लावणारी जाऊ घरातच. मग ही जाते कशाला, असा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात यावा अशीच रचना आहे. उत्तर एकच उरते : तिला काम करायचे आहे. एवढ्याशा इच्छेवर चित्रपट पेलणे हे पटकथेतील धाडस.

सुधारगृहातही तिला विजय मिळत नाही. व्यवस्थापनाचा भ्रष्टाचार, राजकारण्यांची ये-जा, आतल्या बायकांचे आपसातले संबंध आणि मरणे यांपुढे तिचे नियम तोकडे पडतात; ती राजीनामा देऊन परत येते. घरी नवरा शांतपणे दुसऱ्या स्त्रीविषयी सांगतो. सुलभा पुन्हा उंबरठा ओलांडते आणि या वेळी तो निर्णय सर्वस्वी तिचा असतो. नीराला पत्र लागले होते, सुलभाला लागत नाही. मूल सोडून जाणारी आई म्हणून तिच्यावर रागावणारे प्रेक्षक तेव्हाही होते, आजही भेटतात. त्या रागाची सोय पटकथेनेच करून ठेवली आहे. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

अमेरिकन चित्रकथाकार अ‍ॅलिसन बेकडेल यांनी १९८५ साली एका चित्रपट्टीत मांडलेली कसोटी (दोन स्त्रिया असाव्यात, त्या एकमेकींशी बोलाव्यात आणि पुरुषाखेरीज दुसऱ्या विषयावर बोलाव्यात) ‘उंबरठा’ सहज पार करतो. मात्र ही कसोटी स्त्रियांची पडद्यावरील सोबत मोजते, त्यांचे सामर्थ्य नव्हे.

समाजशास्त्राच्या अभ्यासातून चित्रपटाकडे आलेल्या सुमित्रा भावे यांनी ‘बाई’ (१९८५) या लघुपटापासून वेगळी वाट धरली. सुनील सुकथनकर यांच्यासह केलेल्या ‘दोघी’मध्ये (१९९५) लग्नाच्या दिवशीच्या अपघाताने अपशकुनी ठरलेली गौरी मुंबईला पाठवली जाते, तिच्या पैशावर घर चालते आणि त्याच घरात तिला तोंड लपवावे लागते. गौरी आणि धाकटी कृष्णा (रेणुका दफ्तरदार, सोनाली कुलकर्णी) अशा दोन नायिका ठेवल्याने एकीची कोंडी दुसरीच्या बंडातून बोलते.

नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’मधील (२०१६) आर्ची बुलेट व ट्रॅक्टर चालवते म्हणून गाजली. ते बळ तिचे नाही, पाटलाच्या वाड्याचे आहे. मध्यंतरानंतर हैदराबादच्या झोपडपट्टीत, भाषा येत नाही, स्वयंपाक येत नाही, आईची आठवण येते, अशा अवस्थेत ती कारखान्यात कामाला लागते, तिथून तिची नायिका म्हणून घडण सुरू होते. पूर्वार्धातला रुबाब उत्तरार्धात हिरावून घेणे ही मंजुळे यांची युक्ती. नक्कल करणाऱ्यांनी नेमकी बुलेट तेवढी उचलली.

वर आलेल्या पटकथांपैकी बहुतेक पुरुषांच्या हातच्या आहेत. केदार शिंदे दिग्दर्शित ‘बाईपण भारी देवा’ (२०२३) हा मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येणाऱ्या सहा बहिणींचा चित्रपट तिकीटबारीवर मोठे यश मिळवून गेला. त्याच्या लेखिका मात्र वैशाली नाईक.