वाडग्यातल्या दाण्यांची कुळकथा

कुत्र्या-मांजरांच्या वाडग्यात आज जे तपकिरी दाणे पडतात, त्यांचा मूळपुरुष म्हणजे जहाजावरचं बिस्किट. जेम्स स्प्रॅट नावाचा अमेरिकी माणूस इमारतींना विजेपासून वाचवणाऱ्या सळया विकायला इंग्लंडला गेला होता. खलाशांनी टाकून दिलेल्या कडक बिस्किटांवर गोदीतली कुत्री तुटून पडलेली त्याने पाहिली, असं सांगतात. पीठ-पाण्याची ती बिस्किटं इतकी खडखडीत भाजलेली असत की लांबच्या सफरीतही टिकत. स्प्रॅटने 1860च्या सुमारास गव्हाचं पीठ, भाज्या, बीट आणि मांस एकत्र करून खास कुत्र्यांसाठी बिस्किटं बाजारात आणली. मांस कुठलं, हे गुपित त्याने शेवटपर्यंत जपलं. शिकारी कुत्री बाळगणारे सधन इंग्रज हे त्याचं गिऱ्हाईक. त्याच्याच कंपनीत नोकरी करणाऱ्या चार्ल्स क्रफ्टने 1891 साली लंडनमध्ये स्वतःच्या नावाचं श्वानप्रदर्शन भरवलं. ते आजही भरतं.

स्प्रॅटच्या बिस्किटांआधी पाळीव जनावरांचं वेगळं खाणं नव्हतंच असं नाही. लंडनच्या गल्ल्यांतून घोड्याचं उकडलेलं मांस काड्यांना टोचून विकणारे फेरीवाले फिरत, आणि मांजरं त्यांची वाट पाहत. आपल्याकडे शेवटच्या गोळ्याची चानकी कुत्र्याच्या वाट्याला येई, आणि कोकणात मासे साफ करताना निघालेली डोकी मांजराच्या. या वाटणीत नकळत का होईना, शहाणपण होतं. 2013 साली ‘नेचर’ या नियतकालिकात स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवून दिलं की, पिठूळ अन्न पचवणारं विकर बनवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त असतात. माणसाच्या वस्तीत राहून कुत्रा भाकरी पचवायला शिकला. मांजर मात्र हाडाचं मांसाहारी राहिलं.

बिस्किटानंतर आला डबा. पहिल्या महायुद्धानंतर मोटारी आणि ट्रॅक्टर वाढले, घोडे बिनकामाचे झाले. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, रॉकफर्डला, 1922 साली चॅपेल बंधूंनी घोड्याचं मांस डब्यात भरून ‘केन-एल रेशन’ नावाने विकायला सुरुवात केली. डबे धडाधड खपू लागले. मग दुसरं महायुद्ध आलं, पत्र्यावर आणि मांसावर नियंत्रणं आली, आणि कारखानदार पुन्हा कोरड्या खाण्याकडे वळले.

आजचा दाणा मात्र 1950च्या दशकातला. न्याहारीची धान्यं बनवणाऱ्या राल्स्टन प्युरिना कंपनीने आपल्याच कारखान्यातलं तंत्र कुत्र्यांच्या खाण्यासाठी वापरून पाहिलं आणि 1957च्या सुमारास ‘डॉग चाऊ’ बाजारात आणलं. मांसाची पूड, धान्याचं पीठ आणि पाणी यांचं मिश्रण वाफेवर शिजवत एका लांब नळीतून मळसूत्राने पुढे रेटायचं आणि चकलीच्या सोऱ्यासारख्या जाळीतून बाहेर काढायचं. नळीत दाब प्रचंड असतो. बाहेर येताक्षणी तो सुटतो, आतल्या पाण्याची वाफ होते आणि पीठ फुगतं. फिरतं पातं त्याचे तुकडे पाडतं. मग दाणे वाळवायचे आणि वरून चरबी फवारायची. जनावर वास घेऊन धावत येतं ते बरंचसं या शेवटच्या थरामुळे. दाणा फुगायला आणि आकार धरायला स्टार्च लागतो. म्हणून धान्य नसलेल्या दाण्यातही बटाटा, वाटाणा किंवा मसूर असतोच. ‘ग्रेन-फ्री’ या शब्दावर भाळण्याआधी एवढं लक्षात असू द्यावं.

म्हणजे बिस्किट आलं ते गोदीवरून, डबा आला तो बिनकामी घोड्यांमुळे आणि दाणा आला न्याहारीच्या यंत्रातून. प्रत्येक वेळी माल आधी आला, पोषणाचं ज्ञान मागाहून. त्या उशिराची किंमत मांजरांनी मोजली. टॉरिन हे द्रव्य मांस-मासळीत असतं. कुत्र्याचं शरीर ते सहसा स्वतः तयार करतं, मांजराचं पुरेसं करू शकत नाही. ते कमी पडलं की मांजराच्या डोळ्यांचा पडदा खराब होतो, हे 1975 साली कळलं. 1987 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी त्याहून गंभीर गोष्ट उजेडात आणली: हृदयाच्या भिंती पातळ पडून, हृदय फुगून मांजरं दगावत होती, आणि ती बाजारातलं, तेव्हाच्या निकषांत बसणारं खाणं खात होती. टॉरिन दिल्यावर आजारी मांजरांची हृदयं सुधारली. कंपन्यांनी प्रमाण वाढवलं आणि मांजरांमधला हा आजार झपाट्याने ओसरला.

पिशवीच्या मागे बारीक अक्षरात छापलेल्या ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ या ओळीमागे असा इतिहास आहे. अमेरिकेत तिचे निकष ‘आफ्को’ ही पशुखाद्य नियंत्रकांची संघटना ठरवते. ती स्वतः कुठल्याही मालाला मंजुरी देत नाही. दावा कंपनीचा असतो, मोजपट्टी संघटनेची. म्हणून पिशवी घेताना पुढचं चित्र सोडून ही ओळ शोधावी. खाणं पिल्लासाठी आहे की वाढ पूर्ण झालेल्या जनावरासाठी, हेही तिथेच लिहिलेलं असतं. ओळ नसेल तर तो खाऊ समजावा, रोजचं जेवण नव्हे.

घरचं रांधून घालणाऱ्यांनीही हे ज्ञान वापरायला हवं. बोनलेस चिकन आणि भात हा शहरांतल्या घरांतला सर्रास बेत. त्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावालाच. त्यावरच वाढलेल्या पिल्लाची हाडं ठिसूळ होतात, पाय वाकतात. कांदा-लसणाचा रस्सा कुत्रा-मांजर दोघांनाही घातक, कारण त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षं आणि मनुका कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. शाकाहारी घरात कुत्रा नीट आखलेल्या आहारावर जगू शकतो. मांजराला दूध-पोळीवर ठेवणं मात्र त्याची उपासमार आहे, कारण टॉरिन आणि तयार जीवनसत्त्व अ त्याला मुख्यतः मांस-मासळीतूनच पुरेसं मिळतं, आणि मोठ्या मांजराला बरेचदा दूध पचतही नाही. शिवाय त्याचे पूर्वज वाळवंटी रानमांजर, पाणी कमी पिणारे. कोरड्या दाण्यात पाणी जेमतेम दहा टक्के, डब्यातल्या ओल्या खाण्यात पाऊण हिस्सा. ज्याला लघवीचा त्रास आहे, त्याला ओलं खाणं सोईचं पडतं.

वाडग्यात काय घालायचं, हे ते बिचारं जनावर ठरवू शकत नाही. ते आपण ठरवतो. म्हणून त्याची जात, वय, वजन आणि आजार पशुवैद्याला सांगून, पिशवी उलटी करून वाचून आणि घरच्या बेतात काय कमी पडतं ते भरून काढूनच ठरवायला हवं. दीडशे वर्षांत जे शहाणपण आलं, ते फुकट जाऊ देण्याचं आपल्याला काही कारण नाही.