गल्लीतलं कुत्रं घरात घेताना

माळेगावच्या यात्रेला जाणाऱ्यांना सांगायला नको, खंडोबाचे वाघ्ये स्वतःला देवाची कुत्री म्हणवून घेत. देवापाशी कुत्र्याला एवढा मान, आपल्या घरी मात्र उंबऱ्याबाहेर. शिळी भाकर टाकायची, रात्रीची राखण करून घ्यायची, मालक कुणीच नाही. हा आपला जुना करार.

सरकारला तो कधी कळला नाही. १८३२ मध्ये मुंबईत पोलिसांनी मोकाट कुत्री मारायला माणसं लावली, कुत्र्यामागं इनाम ठेवलं. इनामाच्या हावेनं पाळलेली कुत्रीसुद्धा उचलली. ६ जूनला पारशी रस्त्यावर उतरले, दंगल झाली. पुढं दीडशे वर्षं मारणं काही थांबलं नाही. २००१ च्या नियमांनी सांगितलं, नसबंदी करा, लस टोचा, जिथून उचललं तिथंच सोडा.

२२ ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टानं दिल्लीच्या प्रकरणात आणखी एक अट घातली. दत्तक घ्यायचं तर घ्या, पण ते कुत्रं परत रस्त्यावर दिसता कामा नये.

खरी मेख इथंच आहे. लोक हौसेनं आणतात अन् चौथ्या दिवशी चप्पल फाडली की गावाबाहेर सोडून येतात. आयुष्यभर मोकळं हिंडलेल्या जिवाला बंद दार म्हणजे कैदच की! लस आधी घ्या. एक शांत कोपरा द्या, जेवणाची वेळ ठरवा, बाहेर नेताना पट्टा सोडू नका. ते स्वतःहून जवळ येईपर्यंत लेकरांना हात लावू देऊ नका. कुणाला आठवडा लागतो, कुणाला तीन महिने. तोवर चपला तेवढ्या वर ठेवा.